पखाल ते पिकअप

एक सोपा प्रश्न. दोन हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी काठोकाठ भरली, तर आतल्या पाण्याचं वजन किती?

उत्तर दोन टन. त्यात टाकीचं वजन धरलेलं नाही, आणि वर चढून बसलेल्या दोन पोरांचंही नाही. हे गणित चौथीतला मुलगाही करेल, पण रस्त्यावर पाहिलं तर फारसं कुणी करताना दिसत नाही. पिकअपमध्ये सिमेंटची चाळीस पोती रचली की बघणारा म्हणतो, "अरे बाबा, टायर बसले बघ." तीच गाडी पाण्याची टाकी घेऊन निघाली की कुणी मान वर करूनही बघत नाही. पोतं पन्नास किलोचं, म्हणजे चाळीस पोती बरोबर दोन टन. वजन तेच, पण पाणी आपल्याला वजनदार वाटतच नाही. ते नळातून येतं, हातातून निसटतं, आकाशातून पडतं. ते जड कसं असेल?

गंमत म्हणजे वजनाचं मापच मुळात पाण्यावरून आलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्या केली गेली: एक सेंटिमीटर लांब-रुंद-उंच इतक्या पाण्याचं वजन. त्याच हिशोबाने लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँक स्थिरांकावरून होते, तिच्यात पाण्याचा काही संबंध उरलेला नाही. पण रोजच्या वापराला एक लिटर बरोबर एक किलो हे समीकरण अजून चालतं. पाणी वाहणाऱ्या माणसासाठी यापेक्षा कामाचं समीकरण शोधून सापडणार नाही.

गेले काही वीकांत मी याच विषयाच्या मागे लागलो होतो: माणसाने पाणी वाहून न्यायला काय काय केलं, आणि त्यात तो कुठे कुठे आपटला. सोमवार ते शुक्रवार सर्व्हरवरचा लोड सांभाळणाऱ्याने शनिवारी पाण्याचा लोड बघावा, यात वावगं काही नाही :)

तर सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. शहाणी माणसं शक्यतो पाणी वाहून नेतच नाहीत, ती त्याला वाहू देतात. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरीने पाणी आणलं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्याच्या पेठांमधल्या हौदांपर्यंत पाणी आलं. दोन्हीकडे पंप नाही, बैल नाही. उतार दिला, बाकीचं काम गुरुत्वाकर्षणाने फुकट केलं. डोक्यावरून किंवा गाडीवरून पाणी नेण्याची वेळ येते ती जिथे उतार नाही, नळ नाही, किंवा नळ आहे पण त्यात पाणी नाही तिथे. हा सगळा इतिहास तशा जागांचा आहे.

त्या जागांचा पहिला नायक म्हणजे भिस्ती. बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची मशक, त्यात साधारण तीस लिटर पाणी, आणि ती पाठीवर टाकून चालणारा माणूस. १५३९ साली चौसाच्या लढाईत शेरखानाकडून मार खाऊन हुमायून गंगेत पडला, तेव्हा निजाम नावाच्या भिस्त्याने त्याला वाचवलं. प्रसिद्ध कथा अशी की भिस्त्याने हवा भरलेली मशक त्याला तरंगायला दिली. बक्षीस म्हणून हुमायूनने त्याला थोडा वेळ तख्तावर बसवलं, हे हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिनेही लिहून ठेवलंय. पाणी वाहणाऱ्याला आपल्या इतिहासात मिळालेला एवढा मोठा मान मला तरी दुसरा आठवत नाही.

मशकीची थोरली बहीण म्हणजे पखाल. ही मोठ्या जनावराच्या कातड्याची, आणि वाहायची बैलाने नाहीतर रेड्याने. आपल्याकडे ती इतकी रोजची होती की भाषेत जाऊन बसली. "दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला" ही म्हण आजही गावाकडे ऐकू येते. हाल्या म्हणजे रेडा. त्याच्या पाठीवर पखाल कायमचीच, त्यामुळे कुणा महाभागाने आजारी रेड्याऐवजी पखालीलाच सुई टोचली. (इंजेक्शन आलं नव्हतं तेव्हा "औषध पखालीला" म्हणत असत.) ही म्हण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इंजिनिअर म्हणून पखालीकडे बघू. वरवर पाहता ही मागासलेली वस्तू: कातडं कुजतं, पाण्याला वास येतो, स्वच्छतेच्या नावाने बोंब. पण वाहतुकीचं साधन म्हणून तिच्यात एक गुण आहे जो कुठल्याच पत्र्याच्या टाकीत नाही. पाणी कमी झालं की पखाल आक्रसते. अर्धं पाणी काढलं तर पिशवी चपटी होते, आत मोकळी जागा उरतच नाही. पाण्याला धावायला मैदानच मिळत नाही. शिवाय पखाल जनावराच्या पाठीच्या दोन्ही अंगांना लोंबते, म्हणजे भार खाली आणि दोन्ही बाजूंना सारखा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पखाल जनावराच्या मानाने असायची. रेड्याला झेपणार नाही एवढी पखाल शिवून उपयोग काय? तो सरळ खाली बसेल. रेडा हा स्वतःच वजनकाटा होता.

कावडीचंही तसंच. दोन्ही टोकांना सारखं वजन, नाहीतर खांदा लगेच तक्रार करतो. घागरीचं तोंड अरुंद असतं ते उगाच नाही: भरलेल्या घागरीत पाण्याचा पृष्ठभाग गळ्याशी येतो, हाताच्या पंजाएवढाच राहतो, आणि बाईच्या चालीने तो फारसा उसळत नाही. सायकलवरून दूध घालणारे कॅनमध्ये गवताची पेंडी तरंगत ठेवायचे, कारण तीच. लाटेची ताकद पेंडी खाऊन टाकते. आता यावर चक्क संशोधन झालंय. चालताना कपातली कॉफी का सांडते याचा अभ्यास करणाऱ्या दोघांना २०१२ साली इग नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या पावलांचा ठेका आणि कपातल्या कॉफीचा स्वतःचा ठेका जवळजवळ जुळतो, म्हणून ती सांडते. दूधवाल्यांना इग नोबेल कुणी दिलं नाही. असो.

थोडं युद्धाकडे वळतो, कारण पाणी वाहायचे प्रश्न सैन्याइतके गंभीरपणे कुणी सोडवलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांकडे पातळ पत्र्याचे डबे होते, ते इतके गळायचे की सैनिकांनी त्यांना नावंही पुचाट अर्थाचीच ठेवली. जर्मनांकडे मात्र १९३७ च्या सुमारास तयार झालेला वीस लिटरचा मजबूत कॅन होता. वर तीन मुठी, त्यामुळे एकट्याने किंवा दोघांनी धरता येतो, आणि रांगेत उभं राहून हातोहात पुढे देता येतो. पाण्याच्या कॅनवर पांढरी फुली, म्हणजे चुकून कुणी पेट्रोल पिणार नाही. ब्रिटिशांनी हे कॅन शत्रूकडून पळवून वापरले, मग तसेच बनवले. आपण ज्याला जेरीकॅन म्हणतो तो हाच. 'जेरी' हे जर्मनांचं ब्रिटिशांनी ठेवलेलं टोपणनाव.

जेरीकॅनमध्ये पखालीचंच शहाणपण वेगळ्या रूपात आहे. हजार लिटर पाणी पन्नास कॅनमध्ये भरलं तर वाटेत पंचवीस कॅन रिकामे होतील, पण उरलेले पंचवीस भरलेलेच राहतील. अर्धवट भरलेलं भांडं फार तर एक.

आणि इथेच या इतिहासाचा खलनायक येतो: अर्धी भरलेली मोठी, कडक टाकी.

"उथळ पाण्याला खळखळाट फार" ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो, पण भौतिकशास्त्रात ती शब्दशः खरी आहे. पूर्ण भरलेल्या टाकीतलं पाणी म्हणजे जवळपास एक ठोकळा. वर हवाच नाही, हलणार कुठे? रिकाम्या टाकीत तर काहीच नाही. पण अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर बाहेरच्या अंगाला धावतं, भिंतीवर चढतं, आणि गाडीचा गुरुत्वमध्य नको त्या वेळी नको त्या बाजूला नेतं. मग परत येतं. दोन हजार लिटरची उभी गोल टाकी अर्धी भरली, तर पाण्याची एक पूर्ण ये-जा साधारण सव्वा सेकंदात होते, सूत्रात आकडे घालून मी काढून बघितलं. आता खड्डा चुकवायला आपण स्टिअरिंग डावीकडे मारतो आणि लगेच उजवीकडे आणतो, त्याला किती वेळ लागतो? एक-दीड सेकंद. म्हणजे कॉफीच्या कपासारखाच ठेका जुळतो, फक्त कपात एक टन पाणी आहे.

यावर उपाय फार पूर्वीपासून माहीत आहे. टाकीच्या आत आडवे-उभे पडदे घालायचे, भोकं पाडलेले, म्हणजे पाणी जातं पण धावत नाही. जहाजवाले याचं गणित शिकतातच. रुंदीच्या बरोबर मध्ये एक बंद भिंत घातली की पाण्याच्या त्या डोलण्याचा जहाजाच्या तोलावर होणारा परिणाम निम्मा नाही, चौथाई होतो. तीन भाग केले तर एक नवमांश. पण माहीत असणं आणि करणं यात अंतर असतं. ६ मार्च १९८७ ला 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरी बोट बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली. मोटारी ठेवायचा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा, मध्ये भिंत नाही. आत आलेलं पाणी एका अंगाला धावलं आणि एवढी मोठी बोट काही मिनिटांच्या आत आडवी झाली. १९३ माणसं गेली.

अवकाशातही हेच भूत मागे लागलंय. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना इंधन कमी असल्याचा दिवा लागला. नंतर कळलं की टाकीतलं इंधन हिंदकळत असल्यामुळे तो दिवा लागायला हवा त्याच्या आधीच लागला होता. पुढच्या यानांत टाक्यांमधले पडदे सुधारले. आणि आपल्या क्षेत्रातल्या लोकांसाठी खास किस्सा: स्पेसएक्सचं फाल्कन १ हे रॉकेट २१ मार्च २००७ ला दुसऱ्यांदा उडालं आणि दुसऱ्या टप्प्यात भरकटलं, कारण तिथल्या द्रव ऑक्सिजनच्या टाकीत पडदे नव्हते. हा धोका यादीत होता. पण अकराव्या नंबरावर होता, आणि लक्ष दिलं गेलं ते पहिल्या दहांकडे. प्रत्येक रिलीजच्या आधी रिस्कची यादी बनवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं :)

आता पुन्हा जमिनीवर. अमेरिकेत जिथे रस्त्याकडेला पाण्याचे नळ नाहीत अशा खेड्यांत अग्निशमन दल स्वतःचे टँकर घेऊन जातं. तिथल्या सरकारी अग्निशमन प्रशासनाने २००३ साली या टँकरांच्या अपघातांवर एक सविस्तर अहवाल काढला. दलाच्या ताफ्यात टँकर संख्येने थोडे, पण वाहन अपघातांत मरणाऱ्या जवानांत त्यांचा वाटा फार मोठा. कारणांत एक मजेशीर, म्हणजे खरंतर भयंकर, कारण सापडतं. अनेक खेडेगावी दलांनी जुने पेट्रोलचे टँकर स्वस्तात घेऊन त्यात पाणी भरलं होतं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, पाणी एक किलो. टाकी तीच, काठोकाठ भरली की वजन एक तृतीयांशाने जास्त. ब्रेक, स्प्रिंगा, टायर सगळं पेट्रोलच्या हिशोबाचं. वरून डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही.

आणि नेमकी हीच परीक्षा आपल्या रेल्वेने २०१६ साली पास केली.

ती गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. मांजरा धरण आटलं, लातूरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. साधारण साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पावसाळ्यात थांबेपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. वाघिणी तेलवाहतुकीच्या, कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन आणलेल्या. आता बघा: या वाघिणीत तेल सत्तर हजार लिटरच्या आसपास मावतं, पण पाणी भरलं ते पन्नास हजार लिटर. म्हणजे रेल्वेने टाकी किती मोठी आहे हे बघितलं नाही, चाकांना किती झेपतं हे बघितलं. टाकी अर्थातच वरून रिकामी राहिली, पाणी हिंदकळलं असणार. पण वाघीण स्वतःच पंचवीस टनांच्या पुढची, ती खड्डे चुकवत नाही, रिक्षा आडवी आली म्हणून कट मारत नाही. रुळावर तिला ते परवडतं.

याच रेल्वेवरून आणखी एक हिशोब केला, आणि तो करून मी जरा वेळ गप्पच बसलो. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. पंचवीस लाख लिटर भागिले तेवढी माणसं, म्हणजे माणशी साडेसहा लिटर. पन्नास वाघिणी, अडीच हजार टन, दोन जिल्ह्यांची यंत्रणा, देशभरच्या बातम्या, आणि हातात काय, तर माणशी अर्धी बादलीसुद्धा नाही. पाणी किती जड आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. (तरी त्या उन्हाळ्यात ती अर्धी बादली लाखमोलाची होती, हेही तितकंच खरं.)

रेल्वे जिथे जात नाही तिथे टँकर जातो. जुनी माणसं सांगतात की १९७२ च्या दुष्काळात अन्न नव्हतं पण विहिरीला थोडंफार तरी पाणी होतं. पुढच्या दुष्काळांत दुकानात अन्न होतं, पाणीच नव्हतं. २०१३ च्या दुष्काळात पी. साईनाथ यांनी राहुरीच्या टँकर बनवणाऱ्या वर्कशॉपांवर लिहिलं होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावात दुष्काळ हाच धंद्याचा हंगाम झाला होता. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सरकारी हिशोबानेच सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते. पण सरकारी हिशोबात एक गाडी येत नाही. ती म्हणजे पिकअप.

मे २००५ मध्ये टाटांनी एस बाजारात आणली आणि बघता बघता तिचं नाव 'छोटा हत्ती' पडलं. तिच्या आधीही आणि नंतरही इतर कंपन्यांचे पिकअप होतेच. या छोट्या गाड्यांनी गावाकडचं बरंच काही बदललं. आठवडी बाजार, भाजी, शेळ्या, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्यातच. उन्हाळा आला की हौद्यात एक काळी टाकी चढते, शेजारी पंप बसतो, आणि गाडी टँकर होते. कशासाठी म्हणाल, तर डाळिंबाची बाग जगवायला, जनावरांना, लग्नाच्या मांडवात, नव्या घराच्या स्लॅबवर मारायला. मोठा टँकर जिथे वळत नाही त्या बोळात पिकअप जातो. शहरातही काही वेगळं नाही. आपल्यापैकी जे वाघोली किंवा बाणेरच्या पुढे राहतात त्यांनी सोसायटीच्या गेटवर टँकरच्या मागे उभी असलेली ही छोटी गाडी पाहिली असेलच.

माझा मामेभाऊ सांगोल्याकडे असाच पिकअप चालवतो. २०१९ मध्ये त्याने दोन महिने फक्त पाणीच वाहिलं. त्याला मी हिंदकळण्याचं सूत्र समजावून सांगायला लागलो, तर त्याने मध्येच थांबवलं. म्हणाला, "भरली गाडी ऐकती रे. रिकामी पण ऐकती. अर्धी गाडी मनाचं करती." सगळा शास्त्रीय विषय तीन वाक्यांत संपवला की दादाने! मग मी विचारलं, मग अर्धी का नेतोस? त्याचं उत्तर असं: गाडी दीड टनाची, टाकी दोन हजाराची. काठोकाठ भरली तर चढाला गाडी बसते, पाटे तुटतात. म्हणून तो दीड हजारच भरतो. आणि पहिल्या शेतात पाचशे लिटर सोडलं की उरतात हजार, म्हणजे बरोबर अर्धी टाकी, आणि पुढे दुसऱ्या शेतापर्यंत ओढ्याचा उतार.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. मोठी टाकी घेतली की दोनच वाटा उरतात. काठोकाठ भरा, म्हणजे गाडी ओव्हरलोड. किंवा वजन सांभाळून कमी भरा, म्हणजे पाणी मोकळं सुटलं. एक खड्डा चुकवावा तर दुसऱ्यात चाक. जो ड्रायव्हर जास्त जबाबदार, वजनाचा नियम पाळणारा, तोच नेमका हिंदकळत्या टाकीत अडकतो.

आणि यावर आपल्याकडे उपाय काय करतात? पाटे वाढवतात! गॅरेजमध्ये जाऊन मागच्या पाट्यांत आणखी दोन पाने घालतात, जाड टायर टाकतात. गाडी बसायची थांबते, त्यामुळे वाटतं प्रश्न सुटला. पण ब्रेक तेच, चासी तीच, टाकी तेवढीच उंच, आणि पाणी तेवढंच मोकळं. दुखणं टाकीला, इंजेक्शन पाट्यांना. म्हणून म्हटलं होतं, म्हण लक्षात ठेवा.

खरं औषध जुनंच आहे, पखालीच्या काळातलं: भांडं जनावराच्या मापाचं घ्या, आणि भरलेलं ठेवा. आरसीवर गाडीचं भरल्यानंतरचं कमाल वजन आणि रिकामं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. पहिल्यातून दुसरं वजा करा. त्यातून ड्रायव्हर, सोबती, पंप, पाइप आणि टाकी यांचं वजन वजा करा. उरलेले किलो म्हणजे तुमचे लिटर. समजा बाराशे उरले, तर बाराशेची एक टाकी घेण्यापेक्षा चारशेच्या तीन घ्या. पाणी सोडताना एक पूर्ण रिकामी करा, मगच दुसरीला हात लावा. रिकामी करायची सुरुवात मागच्या टाकीपासून नको, नाहीतर मागच्या चाकांवरचा भार अचानक कमी होतो असं दादाचं मत होतं. मी कागदावर मांडून बघितलं तर फरक टाकी मागच्या आसाच्या पुढे आहे की मागे यावर ठरतो. मागच्या आसाच्या मागे वजन लोंबत ठेवायचंच नाही, हे मात्र दोघांनाही पटलं. टाक्या बुटक्या आणि पसरट असाव्यात, केबिनला टेकलेल्या, म्हणजे ब्रेक मारला तर पुढे सरकायला जागाच नाही.

बांधणं हा वेगळा विषय. अमेरिकेतला मालवाहतुकीचा नियम सांगतो की माल पुढच्या दिशेला ०.८ जी आणि बाजूला ०.५ जी इतका जोर सहन करेल असा बांधलेला हवा. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला ब्रेकच्या वेळी आठशे किलोचा धक्का. आता आपण ज्या नायलॉनच्या दोरीने टाकी बांधतो ती डोळ्यांसमोर आणा. या टाक्या मुळात गच्चीवर एका जागी उभ्या राहण्यासाठी बनलेल्या. त्यांना पट्टा अडकवायला कडी नसते. त्यामुळे भोवती लोखंडी चौकट, चौकटीला रुंद पट्टे, आणि चौकट हौद्याला बोल्टने पक्की, एवढं तरी हवंच. वेगाचं गणित सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो: चाळीसऐवजी साठने गेलात तर ब्रेकला सव्वादोन पट काम.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला दोन हजार. पण गावच्या ओढ्यापाशी कुठला वजनकाटा आणि कुठला इन्स्पेक्टर. तिथे ड्रायव्हर एकटाच असतो, आणि त्याचा हिशोबही साधा असतो: खेपा कमी तर डिझेल कमी. एका खेपेत दोन हजार न्यायचे की दोन खेपांत बाराशे-बाराशे? दुसरी खेप म्हणजे पुन्हा डिझेल आणि पुन्हा रांग. शहरात बसून त्याला "सुरक्षित चालव" म्हणणं सोपं आहे. ती दुसरी खेप त्याला परवडेल एवढे पैसे पाणी घेणाऱ्याने दिले, तर त्या सल्ल्याला काही अर्थ. सोसायटीत टँकरवाल्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे लागू आहे.

रेड्याच्या पाठीवर जास्त लादलं तर तो खाली बसायचा आणि मालकाला कळायचं. पिकअप खाली बसत नाही. ती निमूटपणे निघते, आणि कळतं ते थेट ओढ्याच्या वळणावर. म्हणून तो वजनकाटा आता माणसाने आपल्या डोक्यात ठेवायचा. एक लिटर, एक किलो.

दादाने या उन्हाळ्याआधी पाचशेच्या तीन टाक्या घ्यायचं ठरवलंय. चौकटीचं ड्रॉइंग मी काढून देतोय, वेल्डिंग त्याचा मित्र करणार आहे. पुढच्या वीकांतापर्यंत मापं नक्की करायची आहेत, तेव्हा आता इथेच थांबतो.